पोरगी पाठवू की नको?



बहरीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. जुलैमधल्या एका शुक्रवारी सकाळी सातलाच फोन वाजला. म्हणजे तिकडे साडेनऊ झाले असणार. फोन धडगावहून होता, माझ्या पहिलीतल्या मित्राचा. तो आता धडगाव-शहादा रस्त्यावर जीप चालवतो. एरवी तो सणावारालाच फोन करतो, म्हणून आधी पोटात गोळा आला. पण बातमी चांगली होती.

"भो, तुझ्या पुतणीचा एकलव्य शाळेत नंबर लागला. सहावीला. दुसऱ्या यादीत नाव आलं. पण शाळा लांब आहे, एसटीनं सगळा दिवस मोडतो. आठ दिवसांत कळवायचंय. तू शिकलेला, बाहेर राहिलेला माणूस. सांग, पोरगी पाठवू की नको?"

दुसरं कोणी विचारलं असतं तर "पाठव की, विचारायचं काय त्यात" असं मी पटकन बोलून गेलो असतो. याला तसं बोलता येईना. "दोन दिवस दे, विचार करून सांगतो," म्हणालो. ते दोन दिवस मी जो विचार केला, तोच इथे मांडतोय. आपल्यापैकी बरेच जण मुलांना आजी-आजोबांकडे किंवा होस्टेलवर ठेवून इकडे आलेत, त्यामुळे हा प्रश्न एकट्या माझ्या मित्राचा नाही.

आधी थोडं जुनं सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, अक्राणी तालुक्यातल्या एका अनुदानित आश्रमशाळेत शिक्षक होते. शाळेच्या आवारातच आमची खोली. मी चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकलो. वर्गात बहुतेक मुलं पावरा आणि भिल्ल, सगळी निवासी. संध्याकाळी शाळा सुटली की मी तीस पावलं चालून आईकडे जायचो. माझा हा मित्र मात्र पत्र्याच्या हॉलमध्ये आपल्या पेटीजवळ जाऊन बसायचा. त्याचा पाडा डोंगरापलीकडे होता, जायला चालत अख्खा दिवस लागायचा.

हिशोबात तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. शाळेत यायच्या आधीपासून बाजारात मोहाची फुलं आणि चारोळी मोजून द्यायची सवय होती त्याला. पण पहिलीचं सबंध वर्ष तो वर्गात जवळजवळ मुकाच होता. घरी पावरी बोलायचा आणि पुस्तक पुण्या-मुंबईच्या मराठीत. आमच्या घरी अहिराणी, म्हणजे पुस्तकातली मराठी माझीही नव्हतीच. पण माझ्या घरात मास्तर होते. वर्गात कळलं नाही ते रात्री जेवताना कळायचं. त्याला ते सांगायला कोणी नव्हतं. सातवीत होळीला तो घरी गेला तो परत आलाच नाही. नानांनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे महिनाभर गैरहजेरी मांडली, मग नाव कमी केलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. गावात मात्र सगळे म्हणायचे, "त्याला शाळेची गोडी नव्हती."

हे "गोडी नव्हती" प्रकरण मला आता अजिबात पटत नाही.

मी इथे मआमीरमध्ये एका गोदामाचं स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मआमीर म्हणजे सित्राच्या अलीकडचा औद्योगिक भाग. एका बाजूला रिफायनरीची ज्योत दिसते, दुसऱ्या बाजूला वर्कशॉप, गोदामं आणि कामगारांच्या वसाहती. आमच्याकडे स्टॉक जुळला नाही की सुपरवायझर पहिलं वाक्य टाकतो, "लोडिंगवाल्याची चूक." दहापैकी आठ वेळा चूक नोंद घ्यायच्या पद्धतीत निघते. शाळेतून गळणाऱ्या मुलांचंही तसंच आहे. नोंद मुलाच्या नावावर पडते, कारण पद्धतीत असतं.

आता थोडी आकडेवारी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासींची संख्या १ कोटी ५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९ टक्क्यांहून जरा जास्त. राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, आदिवासींची ६५ ते ६६ टक्के. आमचा नंदुरबार जिल्हा ६४ टक्क्यांवर, राज्यात सगळ्यात खाली. राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे पाचशे आहेत आणि अनुदानित त्याहून थोड्या जास्त. त्यांत काही लाख मुलं शिकतात. ही कल्पना जुनी आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं, त्या कामातून आश्रमशाळेचा नमुना उभा राहिला. महाराष्ट्र सरकारने १९७२-७३ पासून आश्रमशाळांचं जाळं पद्धतशीर वाढवलं. हेतू सरळ होता. पाडे विखुरलेले, दहा घरं इथे आणि पंधरा तिथे. प्रत्येक पाड्यावर शाळा काढता येत नाही, मग मुलांनाच एका जागी आणून खाऊ-पिऊ घालून शिकवायचं. त्यामुळे हजारो मुलं शिकली, नोकरीला लागली हे खरंच आहे. "आश्रमशाळा बंद करा" म्हणणाऱ्यांत मी नाही.

प्रश्न असा आहे, की घरापासून लांब राहणारं एक मूल टिकतं आणि दुसरं का टिकत नाही?

पहिलं कारण भाषा. गेल्या उन्हाळ्यात आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिंदी सक्तीवरून रणकंदन झालं, आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला, पहिलीपासून हिंदी. विरोध झाला, जूनमध्ये शब्द बदलले आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. आमच्या ग्रुपवरही "सहा वर्षांच्या पोरावर परकी भाषा लादू नका" असे मेसेज पडत होते. मी पण दोन-तीन टाकले. मुद्दा बरोबरच आहे. पण मेळघाटातल्या कोरकू मुलाचं काय? कोरकू ही मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडारी गटातली, संथाळीच्या नात्यातली. गडचिरोलीतली माडिया, गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी या द्रविड कुळातल्या. आमच्याकडची पावरी, भिलोरी, मावची जरा जवळच्या, पण गुजरातीकडे झुकणाऱ्या. या मुलांसाठी पहिलीतली मराठी हीच परकी भाषा आहे, आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. राज्यघटनेच्या ३५०-क कलमात, शिक्षण हक्क कायद्यात, २०२० च्या शैक्षणिक धोरणात मातृभाषेतून सुरुवातीचं शिक्षण द्यावं असं लिहिलेलं आहे. वर्गात मात्र ते दिसत नाही.

माझ्या मुलीचं उदाहरण देतो. इथे केजीत घातलं तेव्हा बाईंचं इंग्रजी ऐकून ती दोन महिने शाळेत एक शब्द बोलली नाही. आम्ही घाबरलो. पण रोज दुपारी ती घरी यायची, आईच्या मांडीवर बसून मराठीत सगळी भडास काढायची. तिसऱ्या महिन्यात गाडी रुळावर आली. परक्या भाषेत मूल शिकू शकतं, पण रोज परत यायला त्याला आपल्या भाषेचं घर लागतं. निवासी शाळेत ते घर नसतं. तिथे वर्ग आणि घर दोन्ही परक्या भाषेत चालतं.

दुसरं कारण, रात्री कोण असतं? शाळा अकरा ते पाच चांगली चालेलही. पण मूल चोवीस तास तिथे आहे. ताप रात्री येतो, घराची आठवणही रात्रीच येते. २०१६ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत हजारावर मुलं गेली होती. आजारपण, सर्पदंश, पाण्यात बुडणं, अशी कारणं. यातली कितीतरी वेळेवर माणूस जवळ असता तर टळली असती. अधीक्षक, अधीक्षिका, कामाठी, स्वयंपाकी ही पदं कागदावर किरकोळ दिसतात, पण मुलाच्या दृष्टीने तेच आई-बाप. अधीक्षिकेची जागा रिकामी असेल तर मुलींचं वसतिगृह म्हणजे नुसतं बांधकाम.

तिसरं कारण, शिकवणारा माणूस टिकतो का? नानांनी एकाच शाळेत सव्वीस वर्षं काढली. पावरी त्यांना मोडकीतोडकी यायची, पण प्रत्येक मुलाचा पाडा, बाप, भाऊ माहीत होते. आता काय चाललंय बघा. अनेक आश्रमशाळा वर्षानुवर्षं रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालल्या. २०२५ मध्ये सरकारने सतराशेहून अधिक जागा बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटी कंपनीमार्फत भरायचं ठरवलं. त्यावर जुलैत हे रोजंदारी शिक्षक-कर्मचारी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले. बातम्यांमध्ये हा विषय "कर्मचाऱ्यांच्या मागण्या" म्हणून आला. मला तो मुलांचा विषय वाटतो. घर सोडून आलेल्या मुलाला दर जूनमध्ये नवा मास्तर भेटणार असेल, तर त्याने ओळख कोणाशी करायची? एकलव्य शाळांची अडचण वेगळी आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७४० एकलव्य शाळांसाठी ३८ हजार ८०० शिक्षक व कर्मचारी भरायची घोषणा झाली. भरती दिल्लीतून झाली, त्यामुळे उत्तरेतले हिंदीभाषक शिक्षक दूरदूरच्या राज्यांत नेमले गेले. पगार कायम, शिक्षक पात्र. पण मुलाची भाषा त्यांना येत नाही आणि बदलीकडे त्यांचे डोळे.

हा प्रश्न आपलाच आहे असंही नाही. कॅनडात ओंटारियोच्या उत्तरेला ओजिब्वा आणि क्री लोकांची गावं आहेत, रस्ता नाही, विमानानेच जायचं. बऱ्याच गावांत हायस्कूल नाही. म्हणून चौदा-पंधरा वर्षांची मुलं थंडर बे शहरात येतात आणि अनोळखी कुटुंबांच्या घरी राहून शिकतात. २००० ते २०११ या काळात अशी सात मुलं तिथे मरण पावली, त्यांतली पाच नदीच्या पाण्यात सापडली. बऱ्याच वर्षांनी न्यायिक चौकशी झाली आणि २०१६ मध्ये ज्युरीने १४५ शिफारशी केल्या. त्यांचा मथितार्थ आपल्या साळुंखे समितीपेक्षा फार वेगळा नाही. गावाजवळ शाळा द्या, मुलांसाठी सुरक्षित वसतिगृह द्या, शहरात त्यांच्याच समाजातली मोठी माणसं त्यांच्यासोबत ठेवा. कॅनडाची पार्श्वभूमी आपल्याहून काळी आहे. तिथे शंभराहून अधिक वर्षं मूळ रहिवाशांच्या दीड लाख मुलांना घरातून काढून निवासी शाळांत घातलं, त्यांची भाषा मोडावी म्हणूनच. आपल्या आश्रमशाळांचा हेतू तसा कधीच नव्हता. पण मुलाला हेतू दिसत नाही, त्याला फक्त आपली भाषा बोलणारं कोणी नाही एवढं कळतं.

मग कुठे जमलंय? उदाहरणं आपल्याकडेच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी आधी माडिया बोलायला शिकले, मग १९७६ मध्ये आश्रमशाळा काढली. दवाखाना शेजारीच, म्हणजे आजारी मुलाला कुठे न्यायचं हा प्रश्नच नाही. आमच्याकडे नर्मदाकाठच्या बुडिताच्या गावांनी १९९१-९२ च्या सुमारास जीवनशाळा सुरू केल्या, चिमलखेडीपासून. शिकवणारी पोरं त्याच गावांतली, मुलांच्याच बोलीत सुरुवात करणारी. तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी, विचार वेगळे. सारखं एवढंच, की मुलाने शाळेकडे यायच्या आधी शाळा मुलाकडे चार पावलं गेली.

कोणी म्हणेल, डॉ. राजेंद्र भारूड यांचं काय? धुळे जिल्ह्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल वस्तीतला मुलगा, पाचवीनंतर घर सोडून अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात गेला, डॉक्टर झाला, आयएएस झाला आणि आमच्याच नंदुरबारचा जिल्हाधिकारी झाला. कोविडच्या काळात ऑक्सिजनच्या तयारीसाठी देशभर नाव झालं. अभिमान वाटतोच. पण अशा एका उदाहरणावरून "जिद्द असली की झालं" असं म्हणणं धोक्याचं. नवोदय परीक्षा घेऊन मुलं निवडतं आणि निवडल्यावर शिक्षक, जेवण, वसतिगृह नीट देतं. त्यांची जिद्द खरी, पण जिद्दीला उभं राहायला तिथे फरशी होती. माझ्या मित्राच्याही अंगात जिद्द होती. त्याच्या पायाखाली फरशी नव्हती.

आणखी एक गोष्ट घरची. होळीला, भोंगऱ्याला मुलं घरी जातात आणि परत येत नाहीत, म्हणून बरेच शिक्षक सुट्टी द्यायलाच घाबरतात. नाना पण घाबरायचे. परवा फोनवर विचारलं तर म्हणाले, "आम्ही उलटं करत होतो रे. जे बाप दर महिन्याला भेटायला यायचे, त्यांची पोरं होळीनंतर हमखास परत यायची. ज्यांचं कोणी येत नव्हतं, तीच जायची." सव्वीस वर्षांच्या अनुभवातून आलेलं हे एक वाक्य मला सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त पटलं. घराशी दोर तुटला की मूल शाळेत रमतं असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात तो दोर शाबूत असेल तरच ते टिकतं.

मआमीरमध्येही मला रोज हेच दिसतं. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर कामाला बंदी असते, तेव्हा कामगार सावलीत बसून गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात. आमच्या गोदामातला एक जण बीडचा आहे, मुलगा तिकडे वसतिगृहात. हा रोज त्याला एकच विचारतो, "आज काय भाजी होती?" मला आधी हसू यायचं. आता कळतं, पोरगा खरं सांगतोय की लपवतोय हे त्याला भाजीवरून समजतं.

तर रविवारी मी मित्राला फोन केला. "पाठव" किंवा "नको पाठवू" असं सांगितलं नाही. म्हटलं, आधी पोरीला घेऊन शाळा बघून ये, जीपला एक दिवस खाडा पडला तर पडू दे. पाच गोष्टी विचारून ये. आपल्या भागातली, पावरी बोलणारी दुसरी मुलगी तिथे आहे का? अधीक्षिका आवारातच राहते का, आणि किती वर्षांपासून आहे? मुलींना घरी फोन कधी आणि किती वेळ करू देतात? रात्री आजारी पडली तर कोणत्या दवाखान्यात नेतात, गाडी कोणाची? आणि तू दर महिन्याला भेटायला आलास तर चालेल का? पाचव्या प्रश्नाला जे तोंड वाकडं करतील, तिथे पोरगी ठेवू नकोस, मग शाळा कितीही नावाजलेली असो.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भो, हे माझ्या बापाला कोणी सांगितलं नाही." मी म्हटलं, "माझ्या बापालाही नव्हतं सांगितलं."

तो जाऊन आला. चार उत्तरं बरी मिळाली. त्याच्या बाजूच्या पाड्याची एक मुलगी तिथे आठवीत आहे. अधीक्षिका नवीन आहेत, कंत्राटी, पण राहतात आवारातच. फोन रविवारी. भेटायला या, म्हणाले. दवाखान्याचं उत्तर त्याला पटलं नाही, म्हणून मुख्याध्यापकांना पुन्हा विचारलं तर त्यांनी चालकाचा नंबर लिहून दिला. पोरगी गेली. पहिल्या रविवारी फोनवर नुसती रडली. दुसऱ्या रविवारी तिने आठवीतल्या ताईबद्दल सांगितलं. पुढचं मला माहीत नाही, आणि होळी अजून लांब आहे.

आता आपल्यासाठी. आमच्या इथल्या मित्रमंडळींत दर गणपतीला गावाकडच्या शाळेला काहीतरी द्यायचा विषय निघतो. गेल्या वर्षी टॅब दिले. चार्जिंगला वीज किती वेळ असते हे कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही, आणि मी तर कॉम्प्युटरवाला. यंदा मी वेगळं सुचवणार आहे. एखाद्या आश्रमशाळेतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांच्या आई-बापांना महिन्यातून एकदा भेटायला जायचं एसटीचं भाडं द्यायचं. मजुरी बुडते म्हणून ते येत नाहीत, त्यांचं मन नसतं असं नाही. शिवाय पहिलीच्या वर्गासाठी मुलांच्या बोलीतली आणि मराठीतली अशी दुभाषी चित्रांची पुस्तकं, स्थानिक शिक्षकांकडून करून घेऊन छापायची. टॅबइतका फोटो चांगला येणार नाही, हे मान्य.

आणि ज्यांची मुलं तिकडे होस्टेलवर आहेत त्यांनी पुढच्या फोनवर मार्क विचारायच्या आधी भाजी विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर फोन ठेवू नका.